केसपेपरच्या खिडकीमागची नोकरी

भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात सकाळची ओपीडी सुरू होण्याआधीच केसपेपरच्या खिडकीपुढे रांग लागते. हिर्डोशी खोऱ्यातून पहिल्या एसटीनं उतरलेली म्हातारी, तापानं फणफणलेलं पोर कडेवर घेतलेली आई, रात्रपाळी संपवून तसाच आलेला शिरवळच्या कारखान्यातला पोरगा. खिडकीच्या आत एक संगणक, एक प्रिंटर आणि एक माणूस. नाव काय, गाव कोणतं, वय किती, आधी कधी आला होतात का, जुना कागद आणलाय का? म्हातारीला वय ठाऊक नसतं. नाव सांगते ते सासरचं, आधारवर असतं माहेरचं. एकाच वाडीत एकाच नावाआडनावाच्या दोन-तीन बाया निघतात आणि नवऱ्याच्या नावावरूनच त्या वेगळ्या करता येतात. मागून कोणीतरी ओरडतं, "आवरा की हो, डॉक्टर जातील!" एवढ्या गलक्यात जी नोंद होते, तिच्यावर पुढचं सगळं उभं राहतं.

ही अतिशयोक्ती नव्हे. भातलावणीच्या दिवसांत राजगड तालुक्यात (म्हणजे आपल्या जुन्या वेल्ह्यात, मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं नाव बदलायला मंजुरी दिली, तरी एसटीच्या पाटीवर आणि लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे) साप चावल्याचे रुग्ण येतात. दुर्दैवानं शेतकरी दगावला, तर घरच्यांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी सातबारा, आधार आणि दवाखान्याचे कागद एकमेकांशी जुळावे लागतात. घाईत केसपेपरवर नाव चुकीचं पडलं, तर ते दुरुस्त करून घ्यायला त्या घरानं किती हेलपाटे घालायचे? सर्पदंश, विषबाधा, अपघात असे रुग्ण बहुतेक ठिकाणी एमएलसी म्हणून, म्हणजे पोलिसांना कळवण्याची प्रकरणं म्हणून नोंदवतात. तिथं रुग्ण आणल्याची वेळ आणि आणणाऱ्याचं नाव यांनाही किंमत असते.

खिडकीमागच्या या माणसाला मोठ्या रुग्णालयात फ्रंट ऑफिस एक्झिक्युटिव्ह म्हणतात, कुठे बिलिंग असिस्टंट, कुठे एमआरडी म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागाचा क्लार्क, आणि नसरापूरच्या एखाद्या छोट्या दवाखान्यात सरळ 'रिसेप्शनवरची मुलगी'. इंग्रजी जाहिरातींमधलं त्याचं नाव मेडिकल ऑफिस असिस्टंट. बारावी किंवा बीए झालेल्या, नर्सिंगला प्रवेश न मिळालेल्या किंवा रक्त पाहून घेरी येणाऱ्या, पण दवाखान्यात काम करायची इच्छा असलेल्या भोर-वेल्ह्यातल्या मुलामुलींसाठी ही वाट खरोखर चांगली आहे. अडचण वाटेच्या सुरुवातीलाच आहे. पुण्यात स्वारगेटपासून कात्रजपर्यंत जितके खांब, तितके 'पॅरामेडिकल कोर्स, १०० टक्के नोकरीची हमी' असे फलक. त्यातला कोणता निवडायचा?

फलक वाचत बसण्याआधी खुर्चीवरचं काम नीट समजून घेतलेलं बरं. अभ्यासक्रम पारखायचा तो त्या कामाशी ताडून.

पूर्वी डॉक्टरच्या दवाखान्यात कंपाउंडर असे. नंबर लावणं, पैसे घेणं, बाटलीवर कागदी पट्टी चिकटवून लाल औषध भरणं, पट्टी बांधणं, वेळप्रसंगी डॉक्टरांची बॅग उचलून वाडीवर चालत जाणं, सगळं एकटा करी. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं चिठ्ठीवरचं औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे गेलं. सुई टोचणं परिचारिकेचं, रक्त तपासणं लॅब टेक्निशियनचं. उरलं ते कागदाचं काम. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे उरलेलं कामच एवढं फुगलंय की त्यासाठी स्वतंत्र माणूस लागतो.

सोनोग्राफीचंच बघा. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी 'एफ फॉर्म' भरावा लागतो, महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पाठवावा लागतो आणि नोंदी २ वर्षं जपाव्या लागतात. फॉर्ममधल्या उणिवा या निव्वळ कारकुनी चुका आहेत, त्यासाठी डॉक्टरांवर खटले कशाला, असं गाऱ्हाणं घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. मे २०१९ मध्ये न्यायालयानं ते मानलं नाही. नोंद न ठेवणं हा या कायद्याखाली गुन्हाच, असा तो निकाल आहे. बऱ्याच दवाखान्यांत हा फॉर्म डॉक्टरांच्या सहीपुढे ठेवतं कोण? रिसेप्शनवरची मुलगी. तिला कोर्समध्ये 'टेलिफोन कसा उचलावा' हे आठवडाभर शिकवलं आणि एफ फॉर्म एकदाही दाखवला नाही, तर त्या कोर्सला काय म्हणायचं?

जन्माच्या नोंदीचंही तसंच. जन्म झाल्यापासून २१ दिवसांत तो कळवायचा असतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून वाहनपरवान्यापर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालणार आहे. बाळाच्या आईचं नाव रुग्णालयात चुकलं की ती चूक त्या मुलाच्या मागे शाळेत जाते. दाखल रुग्णांची कागदपत्रं डॉक्टरांनी किमान ३ वर्षं सांभाळावीत आणि रुग्णानं मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यावीत, असा वैद्यक परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. फाइल वेळेवर सापडली नाही की नातेवाइकांचा पहिला राग निघतो तो काउंटरवर.

मग विमा. कॅशलेसची विनंती आल्यावर विमा कंपनीनं तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी ३ तासांत निर्णय द्यावा, असं विमा नियामकानं २०२४ मध्ये बजावलं. पण हे घड्याळ सुरू होतं ते रुग्णालयाकडून कागद पूर्ण गेल्यावर. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तर कागदपत्रांसाठी मदत करणारं एक वेगळं पदच आहे. त्याचं नाव आरोग्यमित्र. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ही योजना ८ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आणि २०२३ च्या निर्णयानं वर्षाला प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण राज्यातल्या सर्व कुटुंबांना देऊ केलं. योजनेतल्या रुग्णालयात शिरल्यावर पहिल्यांदा भेटतं ते आरोग्यमित्राचं टेबल. पासलीहून किंवा केळदहून आलेल्या माणसाला रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव का जुळत नाही, हे त्याच्या बोलीत समजावून सांगणारं कोणी तिथं असलं, तर त्याचा अर्धा आजार तिथंच बरा होतो.

हे काम इंग्रजी पोपटपंचीचं नाही. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांतसुद्धा येणारा रुग्ण मराठी बोलतो, हिंदी बोलतो, आणि घाबरलेला असतो. वेल्ह्याच्या पोरीला आपल्या बोलण्याची लाज वाटायचं काही कारण नाही. तिला इंग्रजी लागेल ते तपासण्यांची नावं, औषधांची स्पेलिंगं, विमा कंपनीला पाठवायचा चार ओळींचा ईमेल आणि डिस्चार्ज कार्ड वाचण्यापुरतं. तेवढं मात्र चोख हवं. 'हायपर' आणि 'हायपो' यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला रेकॉर्डच्या खोलीत बसवू नये.

आता कोर्स. नावांच्या गोंधळात सगळ्यात जास्त फसगत होते ती इथं.

अमेरिकेत मेडिकल असिस्टंट नावाचा माणूस रक्तदाबही मोजतो आणि फॉर्मही भरतो. तिथली माहितीपत्रकं समोर ठेवून इथल्या काही संस्था तेच नाव वापरतात. आपल्याकडे मात्र ही दोन कामं वेगळी आहेत. आरोग्य क्षेत्रासाठी केंद्राच्या कौशल्य व्यवस्थेत हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल आहे. तिच्या अभ्यासक्रमांत 'जनरल ड्यूटी असिस्टंट' म्हणजे जीडीए हा सगळ्यांत जास्त चालणारा. रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, बिछाना बदलणं, व्हीलचेअरवरून नेणं हे त्यातलं काम. अत्यंत गरजेचं, अंगमेहनतीचं आणि मानाचं काम आहे ते. पण ऑफिसचं नव्हे. काउंटरवर बसायचं ठरवून आलेली मुलगी 'हॉस्पिटल असिस्टंट' या गोल नावाला भुलून जीडीएला प्रवेश घेते आणि तिसऱ्या आठवड्यात वॉर्डात गेल्यावर तिला कळतं. ज्याला ऑफिसचं काम हवं, त्यानं 'हॉस्पिटल फ्रंट डेस्क कोऑर्डिनेटर' किंवा 'मेडिकल रेकॉर्ड्स अँड हेल्थ इन्फर्मेशन टेक्निशियन' यांसारखी नावं शोधावीत. पहिल्यात नोंदणी, अपॉइंटमेंट, बिल, तक्रारी. दुसऱ्यात फाइली, आजारांचे सांकेतिक क्रमांक, आकडेवारी, अहवाल.

माणसांत रमणाऱ्यानं पहिला घ्यावा. गप्प बसून तासन् तास अचूक काम करणाऱ्यानं दुसरा. याउलट झालं की दोघांचीही परवड होते.

मान्यतेचा प्रश्न मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण फलकावरचा 'शासनमान्य' हा शब्द फार लवचीक आहे. एखाद्या ट्रस्टची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते, एखाद्या क्लासकडे शॉप ॲक्टचा परवाना असतो, कुठे आयएसओचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं असतं. यांतल्या कशालाच अभ्यासक्रमाची मान्यता म्हणत नाहीत. देशातल्या व्यवसाय शिक्षणावर देखरेख करायला २०१८ मध्ये राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला एनसीव्हीईटी म्हणतात. तिनं मंजूर केलेला प्रत्येक अभ्यासक्रम राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत क्रमांकासह सापडतो, आणि ही नोंदवही मोबाइलवर कोणालाही बघता येते. संस्थेनं कोर्सचा हा क्रमांक सांगावा. 'ऑफिसात आहे, नंतर देतो' असं उत्तर आलं, तर तेच उत्तर समजावं. राज्याच्या बाजूनं कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे ६ महिन्यांचे आणि वर्षाचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतात. तिथं संस्थेचा संकेतांक विचारावा, आणि तो याच कोर्ससाठी आहे का हेही. शिवणकामाच्या मान्यतेवर हॉस्पिटलचा कोर्स चालत नाही.

आणखी एक कायदा लक्षात ठेवण्यासारखा आहे. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये संसदेनं राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आरोग्य माहिती व्यवस्थापन म्हणजे रुग्णालयीन नोंदींचं शास्त्र हा गटही त्यात आहे. या कायद्याप्रमाणे 'संलग्न आरोग्य व्यावसायिक' म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचा, २ ते ४ वर्षांत पसरलेला पदविका किंवा पदवी अभ्यासक्रम लागतो. म्हणजे ६ महिन्यांचा कोर्स करून काउंटरवर नोकरी जरूर मिळेल, पण 'तुम्ही आता पॅरामेडिकल प्रोफेशनल झालात' असं कोणी सांगत असेल, तर ते खोटं आहे. या कायद्याखाली येणारे आरोग्याचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं देऊ नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बजावलं आहे. घरबसल्या हॉस्पिटलची पदविका विकणाऱ्या जाहिराती अजून दिसतात, म्हणून हे सांगायचं.

एवढं वाचून एखादा बाप म्हणेल, की मग पोरीला पुण्याला पाठवायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं अर्धं उत्तर भोरमध्येच आहे.

या खुर्चीला लागणाऱ्या दोन गोष्टी पुण्याला न जाता शिकता येतात. एक टायपिंग, दुसरी संगणकाची सवय. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षा, म्हणजे जीसीसी-टीबीसी, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची असते. एमएस-सीआयटी तर २००१ पासून गावोगाव आहे. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या भरतीत मराठी ३० किंवा इंग्रजी ४० ची अट ठरलेली आहे, आणि आरोग्य विभागाच्या कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटरच्या जाहिरातींतही टायपिंग आणि एमएस-सीआयटी हमखास मागतात. खासगी रुग्णालय प्रमाणपत्र मागणार नाही कदाचित, पण मुलाखतीत संगणकापुढे बसवील. तिथं दोन बोटांनी अक्षर शोधणारा आणि न बघता टाइप करणारा, यांतला कोण निवडला जाईल हे सांगायला नको.

दहावीनंतर लगेच काही करायचं असेल, तर आयटीआयचा 'कोपा' म्हणजे संगणक चालक व प्रोग्रॅमिंग सहायक हा वर्षाचा ट्रेड आहे. त्याचं प्रमाणपत्र देशभर चालतं, सरकारी आयटीआयची फी खासगी क्लासच्या तुलनेत नगण्य, आणि पुढे हॉस्पिटल सोडून बँकेत किंवा कारखान्याच्या ऑफिसात जायचं म्हटलं तरी ते वाया जात नाही. भोरचं अनंतराव थोपटे महाविद्यालय किंवा विंझरचं अमृतेश्वर महाविद्यालय इथं पदवी करता करता टायपिंगच्या दोन परीक्षा आणि एमएस-सीआयटी सहज उरकता येतात. या लेखाचं मत विचाराल तर क्रम असाच असावा: आधी टायपिंग, मग पदवीचं निदान पहिलं वर्ष, आणि मगच हॉस्पिटलचा कोर्स. ज्यांना लगेच कमवायचं आहे त्यांना हा क्रम उलटावा लागेल. पण टायपिंग पहिलंच राहील.

हॉस्पिटलचा कोर्स मात्र हॉस्पिटलशिवाय शिकता येत नाही, आणि मोठी रुग्णालयं महामार्गाच्या पुण्याच्या टोकाला आहेत. भोरहून स्वारगेट पन्नास-पंचावन्न किलोमीटर, वेल्ह्याहून विंझर-मार्गासनी-नसरापूर करत साठेक. अंतरापेक्षा वेळ जास्त छळतो. धनकवडीचं भारती रुग्णालय किंवा नऱ्ह्याचं नवले रुग्णालय त्यातल्या त्यात जवळ, कारण शहरात शिरावं लागत नाही. डेक्कनच्या पलीकडचा क्लास निवडला की रोजचे दोन तास रहदारीत गेलेच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालंय, ही मोठी सोय. पण निम्म्या तिकिटाची गाडी वेळेवर असायला हवी. पासली-केळदच्या बाजूची शेवटची गाडी कधी सुटते, पावसाळ्यात ती कुठपर्यंत जाते, हे कोर्सच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघावं. दुपारी चारला सुटणारा वर्ग आणि सहाला सुटणारा वर्ग यांत भोर शहरातल्या मुलीला फारसा फरक पडणार नाही. विंझरच्या पलीकडे राहणाऱ्या मुलीचं शिक्षण सुरू राहणार की सुटणार, हे मात्र त्या दोन तासांवर ठरतं.

म्हणून वेल्ह्याच्या मुलींनी निवासी प्रशिक्षणाची चौकशी आधी करावी. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना ही गरीब ग्रामीण कुटुंबांतल्या १५ ते ३५ वयाच्या तरुणांसाठी आहे. महिलांना ४५ पर्यंत सवलत आहे. प्रशिक्षण मोफत, निवासी केंद्रात राहणं-जेवणही मोफत, आणि शिकवणाऱ्या संस्थेवर नोकरी मिळवून देण्याचं बंधन. राज्यात ती 'उमेद' अभियानामार्फत चालते, त्यामुळे पंचायत समितीतल्या उमेदच्या कक्षात किंवा बचत गटाच्या ताईंकडे विचारता येतं. कोणत्या वेळी कोणता कोर्स चालू आहे हे बदलत असतं. हेल्थकेअरची तुकडी नसेल तर नाव नोंदवून ठेवावं; बसल्या जागी सापडला म्हणून दुसराच कोर्स घेऊ नये.

मुलीनं शिकायला पुण्याला राहायचं, तेही दवाखान्याच्या कामासाठी, ही कल्पना घरी पटवणं अवघड जातं. पण पुण्याला ती नवी नाही. रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं, आणि पहिल्या काही वर्षांतच त्या संस्थेनं मुलींना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळवून दिलं. त्यात बालविधवा होत्या, घरानं टाकलेल्या होत्या. परक्या माणसांची शुश्रूषा करणं हलकं मानणाऱ्या त्या काळात संस्थेनं त्यांच्या राहण्याची व्यवस्था केली आणि घरच्यांना धीर आला. आजही पालक आधी वसतिगृहाचं विचारतात, अभ्यासक्रमाचं नंतर. त्यात त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही.

आता प्रत्यक्ष क्लास पारखायची वेळ. माहितीपत्रक घरी आणावं, पण निर्णय तिथं जाऊन घ्यावा. एकूण तासांपैकी प्रत्यक्ष रुग्णालयात किती, हा पहिला प्रश्न. रुग्णालयाचं नाव काय, त्यांच्याशी लेखी करार आहे का, तो बघायला मिळेल का? 'टायअप' हा शब्द फार स्वस्त झालाय. मुलगी रुग्णालयात जाऊन नुसती कोपऱ्यात उभी राहणार, की तिच्या हाताखाली नोंदणीचा संगणक येणार? शिकवणाऱ्यानं स्वतः कधी रुग्णालयाच्या बिलिंगला किंवा एमआरडीला काम केलंय का? प्रयोगशाळेत रुग्णालयाचं सॉफ्टवेअर आहे, की वर्ड आणि एक्सेलवरच काम भागवतात? आभा क्रमांक म्हणजे आरोग्याच्या खात्याचा १४ आकडी क्रमांक कसा काढायचा, क्यूआर स्कॅन करून ओपीडीची नोंद कशी घ्यायची, हे दाखवतात का? २०२१ मध्ये डिजिटल आरोग्य अभियान देशभर सुरू झालं आणि आता ही रोजची कामं आहेत.

मागच्या तुकडीतल्या दोघा-तिघांना फोन लावून द्या म्हणावं. भिंतीवरचे हसरे फोटो पुरावा नसतात. आणि त्या माजी विद्यार्थ्यांना पगाराबरोबर हेही विचारावं, की पहिल्या महिन्यात तुला काय येत नव्हतं? कोर्सची खरी परीक्षा त्या उत्तरात असते.

काही गोष्टी दिसल्या की तिथून परत फिरावं. मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला 'जमा' करून घेणारी संस्था. पूर्ण फी एकरकमी, पावती नंतर, असं म्हणणारी. आणि सगळ्यांत धोक्याची म्हणजे 'ऑफिस असिस्टंटच्या कोर्समध्येच इंजेक्शन-सलाइनही शिकवतो, गावात चांगली कमाई होते' असं कानात सांगणारी. ज्याची नोंदणी नाही त्यानं सुई हातात घेणं हा गुन्ह्याचा रस्ता आहे. छोट्या दवाखान्यात डॉक्टर कधी कामाच्या गर्दीत 'जरा एवढं टोच' म्हणतीलही. तेव्हा नाही म्हणायचं बळ मुलीला द्यावं, घरच्यांनीही.

पगाराचं सोंग आणता येत नाही, म्हणून सरळ सांगायचं: सुरुवातीला तो कमीच असतो, आणि पुण्यात खोली घेऊन राहायचं तर हातात फार उरत नाही. त्यामुळे पहिली नोकरी नसरापूर, खेड शिवापूर किंवा भोरमधल्या दवाखान्यात धरून घरून ये-जा करणं पुष्कळांना परवडतं. छोट्या जागी नंबर लावण्यापासून विम्यापर्यंत सगळं एकाच माणसाला करावं लागतं. त्रास होतो, पण वर्षभरात माणूस तयार होतो. मोठ्या रुग्णालयात उलट आहे. बिलिंगला बसला तो बिलिंगलाच राहतो, मात्र रजा, भविष्यनिर्वाह निधी, शिफ्ट यांची शिस्त असते. दरम्यान अनुभव हवा असेल तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा विचार करावा. तिच्यात बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं गेलं. ती कायम नोकरी नाही, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवलेलं बरं.

पुढे चढायला पायऱ्या आहेत. रेकॉर्डच्या कामात गोडी लागली, तर केंद्राच्या आरोग्य माहिती विभागामार्फत दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय आणि पुदुच्चेरीचं जिपमेर इथं मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियनचं ६ महिन्यांचं आणि मेडिकल रेकॉर्ड ऑफिसरचं वर्षाचं प्रशिक्षण अनेक वर्षं चालत आलंय. इंग्रजी आणि शरीरशास्त्र पक्कं असेल तर पुण्यातल्या कंपन्यांत अमेरिकी रुग्णालयांसाठी मेडिकल कोडिंगचं काम आहे. पण ती वाट विज्ञान शाखेच्या पदवीधरांना सोपी, आणि तिच्या नावानं मोठाल्या फिया उकळणारे क्लासही तितकेच.

भोर-वेल्ह्यातल्या पालकांना आणि मुलामुलींना एवढीच विनंती, की प्रवेशाचे पैसे भरण्याआधी एक सकाळ भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीजवळ उभं राहून काढा, आणि हे काम रोज आठ तास जमेल का ते स्वतःलाच विचारा. जमेल असं वाटलं, तर संस्थेकडून चार गोष्टी कागदावर मागा: कोर्सचा नोंदणी क्रमांक, प्रमाणपत्र कोण देणार त्याचं नाव, प्रत्यक्ष रुग्णालयातले तास, आणि मध्येच सोडल्यास फी किती परत मिळणार. लेखी देत नसतील, तर तिथं प्रवेश घेऊ नका.